हिशेबाला सोळा दिवस उरले असताना

१२ डिसेंबर २०११ रोजी, सोमवारी, कॅनडाचे पर्यावरणमंत्री पीटर केंट ओटावा येथील संसदभवनात पत्रकारांसमोर उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे भरलेली जागतिक हवामान परिषद नियोजित मुदतीपेक्षा सुमारे दीड दिवस लांबून आदल्याच दिवशी पहाटे संपली होती आणि केंट तेथूनच परतले होते. राजकारणात येण्यापूर्वी ते दूरचित्रवाणीवर बातम्या देत असत. त्या सरावलेल्या स्वरात त्यांनी जाहीर केले, की क्योटो करारातून बाहेर पडण्याचा आपला कायदेशीर हक्क कॅनडा बजावत आहे. कॅनडाच्या दृष्टीने क्योटो ही भूतकाळातील गोष्ट झाली होती.

या कराराकडे अमेरिकेने दहा वर्षांपूर्वीच पाठ फिरवली होती. परंतु तिने त्याला संमतीच दिलेली नव्हती. उंबऱ्याच्या आत न येणे वेगळे आणि पंक्तीत बसून मग उठून जाणे वेगळे. कराराला विधिवत मान्यता देऊन नंतर तो सोडणारा कॅनडा हा पहिला देश ठरला.

या घटनेचा अर्थ समजून घ्यायचा तर त्यातील तारखा आधी पाहाव्या लागतात. क्योटो कराराच्या सत्ताविसाव्या कलमानुसार कोणत्याही देशाला लेखी सूचना देऊन बाहेर पडता येत होते. मात्र सूचना पोहोचल्यानंतर एक वर्षाने ती अंमलात येणार होती. कॅनडाची सूचना १५ डिसेंबर २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांकडे दाखल झाली. म्हणजे कॅनडाचे सदस्यत्व १५ डिसेंबर २०१२ रोजी संपणार होते. आणि ज्या पाच वर्षांच्या उत्सर्जनाचा हिशेब या कराराखाली द्यायचा होता, ती मुदत ३१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण होत होती. मध्ये अंतर राहिले सोळा दिवसांचे. सूचना द्यायला आणखी तीन आठवडे उशीर झाला असता, तर कॅनडाला संपूर्ण मुदतीचा सदस्य म्हणून जगापुढे आपली वही उघडावी लागली असती. वर्षअखेरीला खतावणी मिटण्याच्या तोंडावर पेढीतून अंग काढून घेणारा भागीदार व्यापारी घरांना ठाऊक असतो. येथे तो भागीदार जगातील सर्वांत संपन्न देशांपैकी एक होता, एवढाच फरक.

आघाडीवरचा देश

हाच निर्णय पर्यावरणाविषयी पहिल्यापासून उदासीन असलेल्या एखाद्या राष्ट्राने घेतला असता, तर त्याचे एवढे आश्चर्य वाटले नसते. कॅनडाचा पूर्वेतिहास नेमका उलट होता. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील पहिली जागतिक परिषद झाली. इंदिरा गांधींच्या भाषणामुळे भारतीयांना ती आजही आठवते. तिचे सरचिटणीस मॉरिस स्ट्राँग हे कॅनडाचे होते आणि वीस वर्षांनी रिओ येथील वसुंधरा परिषदेची धुराही त्यांच्याकडेच आली. ओझोनच्या थराचे रक्षण करणारा १९८७ चा करार मॉन्ट्रियल या कॅनेडियन शहराच्या नावाने ओळखला जातो. १९८८ च्या जूनमध्ये टोरांटो येथे शास्त्रज्ञ आणि राज्यकर्ते एकत्र आले आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २००५ पर्यंत वीस टक्क्यांनी घटवावे असे आवाहन त्यांनी केले. तापमानवाढ हा शब्दही सामान्य माणसाच्या कानी पडला नव्हता, त्या काळातील ही गोष्ट. रिओ येथे तयार झालेल्या हवामानविषयक मूळ आराखडा कराराला कॅनडाने १९९२ सालच्या डिसेंबरातच मान्यता दिली. तोवर फारच थोडे देश पुढे आले होते.

मग असे काय घडले, की पाव शतकही उलटण्यापूर्वी हा देश पंक्तीतून उठून गेला?

शब्द कसा दिला गेला

क्योटो करार डिसेंबर १९९७ मध्ये जपानच्या त्या जुन्या राजधानीत संमत झाला. श्रीमंत, औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या पाच वर्षांतील आपले सरासरी उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ठरावीक टक्क्यांनी खाली आणावे, असे त्याचे साधे सूत्र होते. युरोपीय संघाच्या वाट्याला आठ टक्के घट आली, अमेरिकेच्या सात, जपान आणि कॅनडा यांच्या प्रत्येकी सहा. विकसनशील देशांवर अशी संख्यात्मक सक्ती नव्हती, कारण हवेत साठलेला बहुतांश धूर त्यांचा नव्हता.

कॅनडाचा सहा टक्क्यांचा आकडा कसा ठरला, ही कथा फारशी सांगितली जात नाही. परिषदेच्या काही आठवडे आधी रेजायना या शहरात केंद्र सरकारचे आणि प्रांतांचे मंत्री एकत्र बसले होते. उत्सर्जन २०१० पर्यंत पुन्हा १९९० च्या पातळीवर आणावे, एवढ्यावर त्यांचे एकमत झाले होते. त्याखाली जाण्याची भाषा तेथे झाली नव्हती. प्रत्यक्ष क्योटोमध्ये मात्र पंतप्रधान ज्याँ क्रेतिएन यांच्या सरकारने सहा टक्के घट मान्य केली. प्रांतांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले आणि ती सल पुढे कधीच गेली नाही. कॅनडाच्या राज्यघटनेनुसार भूगर्भातील तेल, वायू आणि खनिजे ही बहुतांशी प्रांतांची मालमत्ता असते. परदेशात शब्द देणार केंद्र सरकार आणि तो पाळण्यासाठी ज्या विहिरींना व खाणींना हात लावायचा त्यांची मालकी प्रांतांकडे. कर्त्या पुरुषाने बाहेर देणगी जाहीर करावी आणि तिजोरीची किल्ली भावाच्या कमरेला असावी, तशी ही अवस्था होती.

क्रेतिएन यांनी २००२ मध्ये जोहान्सबर्ग येथील परिषदेत कराराची मान्यता संसदेपुढे ठेवण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला मान्यतापत्र संयुक्त राष्ट्रांकडे पोहोचलेही. अल्बर्टा प्रांताचे मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. पाच वर्षांनी, २००७ च्या फेब्रुवारीत, क्रेतिएन यांचे जुने विश्वासू सल्लागार एडी गोल्डनबर्ग यांनी एका भाषणात सांगून टाकले, की कराराला मान्यता देतेवेळी देशाची तयारी नव्हती आणि उद्दिष्ट गाठले न जाण्याची शक्यताही सरकारला दिसत होती. लोकमत जागे करण्यासाठी ते पाऊल उचलले गेले होते. हे वाचल्यावर २०११ चा सगळा दोष एकट्या केंट यांच्या माथी मारणे अवघड होते. शब्द मोडणाऱ्यांची चर्चा नेहमी होते. न पाळण्याची शक्यता दिसत असताना शब्द देणारे सहसा त्या चर्चेतून सुटतात.

मधल्या काळात उपाय झाले नाहीत असे नाही, पण बहुतेक आर्जवी स्वरूपाचे होते. २००४ मध्ये सरकारने प्रत्येक नागरिकाला आपले वार्षिक उत्सर्जन एक टनाने कमी करण्याचे आव्हान दिले. रिक मर्सर हा लोकप्रिय विनोदी कलाकार जाहिरातींतून लोकांना गाडी उगाच चालू ठेवू नका, घराची उष्णता वाया घालवू नका असे सांगू लागला. गृहिणींनी आणि शाळकरी मुलांनी ते मनावर घेतले असेल. मोठ्या उद्योगांवर मात्र बंधन आले नाही. २००५ मध्ये करार अंमलात आल्यानंतरची पहिली परिषद मॉन्ट्रियलमध्ये झाली. तिचे अध्यक्ष, तत्कालीन पर्यावरणमंत्री स्टेफान दिओन, यांनी तर आपल्या कुत्र्याचे नाव ‘क्योटो’ ठेवले होते. निष्ठेत काही कमतरता नव्हती. त्याच वर्षी कॅनडाचे उत्सर्जन १९९० पेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने वाढलेले होते.

वाळूतले तेल

या वाढीला एकच कारण नव्हते. देश थंड आणि अवाढव्य. १९९० नंतरच्या वीस वर्षांत लोकसंख्याही पावणेतीन कोटींवरून चौतीस कोटींच्या नव्हे, पण चौतीस दशलक्षांच्या, म्हणजे सुमारे तीन कोटी चाळीस लाखांच्या घरात गेली. परंतु वादाच्या केंद्रस्थानी राहिली ती अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेकडील वाळू.

अथाबास्का नदीच्या खोऱ्यात, फोर्ट मॅकमरी या गावाच्या आसपास, जंगलाखाली डांबरासारखा घट्ट तैलपदार्थ वाळूत मिसळलेला आहे. त्यामुळे तेलसाठ्यांच्या जागतिक क्रमवारीत कॅनडा व्हेनेझुएला आणि सौदी अरेबिया यांच्या पाठोपाठ तिसऱ्या स्थानी गणला जातो. हे तेल विहीर खणून उपसता येत नाही. एक तर वरचे जंगल व माती काढून वाळूच खणावी लागते, किंवा जमिनीत वाफ सोडून तो पदार्थ वितळवून वर ओढावा लागतो. खणलेल्या वाळूतून एक पिंप तेल मिळवायचे तर सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते. पाणी तापवण्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. म्हणजे एक इंधन मिळवण्यासाठी दुसरे इंधन खर्च होते, आणि तेल गाडीच्या टाकीत जाण्यापूर्वीच त्याचा बराच धूर आकाशात गेलेला असतो.

तेलाचे भाव चढू लागले तसा हा महागडा धंदा फायद्यात आला. देशभरातून माणसे अल्बर्टाकडे धावली, घरे बांधली गेली, मुलांची शिक्षणे झाली. कॅनडाचे तेल बहुतांशी शेजारच्या अमेरिकेत जात होते. ते जाळणारे सुख अमेरिकेचे, ते काढताना निघालेल्या धुराची नोंद मात्र कॅनडाच्या खात्यावर. करार न स्वीकारणाऱ्या शेजाऱ्यासाठी आपण दंड का सोसावा, हा अल्बर्टातील माणसाचा प्रश्न सर्वस्वी अन्यायाचा नव्हता.

सत्तांतर

फेब्रुवारी २००६ मध्ये स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले. ते अल्बर्टातून निवडून आलेले होते. क्योटो ही धनवान राष्ट्रांकडून पैसा ओढून घेण्याची समाजवादी योजना आहे, असे त्यांनी २००२ मध्ये आपल्या पक्षसदस्यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते आणि २००७ मध्ये ते पत्र उजेडात आले. त्यांच्या सरकारला तेव्हा बहुमत नव्हते. त्यामुळे २००७ मध्ये विरोधकांनी एका खासगी विधेयकाच्या रूपाने क्योटोच्या अंमलबजावणीचा कायदाच संमत करून घेतला. सरकारने तो मोडला नाही आणि पाळलाही नाही. कायद्याने मागितलेला आराखडा सादर केला आणि त्यातच उद्दिष्ट गाठणार नसल्याचे नमूद केले. याविरुद्ध पर्यावरणवादी न्यायालयात गेले, तेव्हा हा विषय न्यायालयाने ठरवण्याजोगा नाही, असा निकाल २००८ मध्ये मिळाला.

दरम्यान मोजपट्टीही बदलली. तुलनेचे वर्ष १९९० ऐवजी आधी २००६ झाले, मग कोपनहेगननंतर, जानेवारी २०१० मध्ये, २००५. अमेरिकेने घेतले तेच उद्दिष्ट, २०२० पर्यंत २००५ च्या तुलनेत सतरा टक्के घट, कॅनडाने आपले म्हणून जाहीर केले. १९९० शी तुलना केली तर ही घट जवळजवळ नव्हतीच. पुढे मे २०११ मध्ये हार्पर यांना स्पष्ट बहुमत मिळाले आणि सात महिन्यांनी डर्बनची परिषद आली.

डर्बनमध्ये कॅनडाच्या माघारीची कुजबुज पहिल्या दिवसापासून होती. आर्चबिशप डेस्मंड टुटू आणि आफ्रिकेतील इतर काही मान्यवरांनी कॅनडातील एका राष्ट्रीय दैनिकात जाहिरात देऊन त्या देशाला त्याच्या जुन्या लौकिकाची आठवण करून दिली. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात ब्रायन मलरोनी यांच्या कॅनडाने दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांची बाजू घेतली होती, ही गोष्ट आफ्रिका विसरली नव्हती. केंट बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातील सहा कॅनेडियन तरुण-तरुणींनी त्यांच्याकडे पाठ करून मूक निषेध केला. त्यांना बाहेर काढण्यात आले. जाताना टाळ्या पडल्या. शेवटच्या रात्री भारताच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन समन्यायाच्या तत्त्वासाठी निकराने बोलल्या. कॅनडाचे दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे वीस टन होते आणि भारताचे त्याच्या एक दशांशाच्या आसपास. ही दरी बाजूला ठेवून सर्वांना एकाच मापाने मोजू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

चौदाशे कोटींचा आकडा

केंट यांनी माघारीचे जे कारण दिले, त्यातील एक आकडा जगभर गाजला. करारात राहिलो तर चौदाशे कोटी डॉलर इतर देशांना द्यावे लागतील, म्हणजे प्रत्येक कॅनेडियन कुटुंबामागे सोळाशे डॉलर. त्यांचे म्हणणे असे, की पैसे न देता उद्दिष्ट गाठायचे झाले, तर देशातील प्रत्येक मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका रस्त्यावरून हटवावी लागेल, किंवा शेती बंद करून घरे, रुग्णालये आणि कारखाने यांची ऊब तोडावी लागेल. कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर हे ऐकणाऱ्या कुटुंबाच्या मनाची अवस्था काय झाली असेल, ते सांगायला नको.

या आकड्याला अनेकांनी दंड म्हटले. तो दंड नव्हता. क्योटो करारात पैशाच्या दंडाची तरतूदच नव्हती. एखादा देश चुकला तर त्याची तूट तीस टक्के वाढवून पुढील मुदतीच्या खात्यावर ओढायची आणि क्रेडिट विकण्याचा त्याचा हक्क थांबवायचा, एवढीच शिक्षा होती. त्यातही पुढील मुदतीत सहभागी होणार नाही, असे कॅनडाने आधीच सांगितले होते. ज्या खात्यावर बाकी ओढायची, ते खातेच उघडले जाणार नव्हते. चौदाशे कोटी डॉलर हा उद्दिष्टापेक्षा जास्त झालेल्या उत्सर्जनाइतकी कार्बन क्रेडिट बाजारातून विकत घेण्याचा अंदाजी खर्च होता.

ही क्रेडिट म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील काही उद्योजकांना अनुभवाने ठाऊक आहे. विकसनशील देशात धूर वाचवणारा प्रकल्प उभारला, तर वाचलेल्या प्रत्येक टनाचे प्रमाणपत्र मिळावे आणि श्रीमंत देशांनी ते विकत घेऊन आपली तूट भरावी, अशी सोय क्योटो कराराने केली होती. धुळे, सातारा या जिल्ह्यांच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांपैकी अनेक प्रकल्प याच व्यवस्थेत नोंदले गेले. केंट ज्याला परदेशी पाठवलेला पैसा म्हणत होते, त्यातील काही पैसा अशा पवनचक्क्यांकडे येऊ शकला असता.

आता साधे गणित. पाच वर्षांसाठी कॅनडाच्या वाट्याला सुमारे २७९ कोटी टन उत्सर्जन आले होते. प्रत्यक्षात ते दरवर्षी सत्तर कोटी टनांच्या आसपास राहिले, म्हणजे पाच वर्षांचे सुमारे साडेतीनशे कोटी. तूट ढोबळ मानाने सत्तर कोटी टनांची. केंट यांच्या घोषणेच्या सुमारास या क्रेडिटचा भाव टनाला चार-पाच युरोंच्या आसपास उतरला होता. त्या भावाने सगळी तूट भरली असती, तरी खर्च सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आला असता. वर्षभराने हाच भाव एका युरोच्याही खाली घसरला. एवढा मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरला असता तर भाव वर गेला असता, हे खरे. आणि पुढे भाव किती कोसळेल हे डिसेंबर २०११ मध्ये कोणी सांगू शकत नव्हते, हेही खरे. तरीसुद्धा प्रत्येक घराच्या दारात सोळाशे डॉलरांचे बिल उभे करणारा आकडा त्या दिवसाच्या बाजारभावाशी जुळत नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

केंट यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. बाजारातील स्वस्त क्रेडिटपैकी मोठा वाटा रशिया आणि युक्रेन यांच्याकडे होता. १९९० नंतर त्यांचे कारखाने कोसळले, त्यामुळे धूर आपोआप घटला आणि काहीही न करता त्यांच्याकडे शिल्लक साचली. ती विकत घेतल्याने कॅनडाची वही कागदावर जुळली असती, आकाशातील धूर मात्र एका टनानेही कमी झाला नसता. कराराची ही खोट होतीच. पण खोट दुरुस्त करण्याचा आग्रह धरणे आणि उठून जाणे यांत अंतर आहे. शिवाय रशियाकडून घेण्याचे बंधन कोणी घातले नव्हते.

पैशाचा दंड नव्हता, तूट पुढे ओढली जाणार नव्हती, तर मग बाहेर पडण्याची एवढी घाई कशासाठी? राहिल्यास एकच गोष्ट टळली नसती. कराराच्या अनुपालन समितीने कॅनडाच्या नावापुढे ‘वचन पाळले नाही’ अशी अधिकृत नोंद केली असती. माघारीने टनांचा हिशेब बदलला नाही. ती नोंद तेवढी पुसली गेली, किंवा अधिक अचूक सांगायचे तर लिहिलीच गेली नाही.

प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आल्या. चीनने खेद व्यक्त केला. हवामान कराराच्या सचिवालयाच्या प्रमुख क्रिस्तियाना फिगेरेस यांनी आठवण दिली, की १९९२ च्या मूळ कराराखालील जबाबदारी कॅनडावर अजून आहेच. सर्वांत तीव्र शब्द आले ते तुवालूच्या प्रतिनिधीकडून. कॅनडाचे हे कृत्य म्हणजे आमच्या भविष्याचा घातपात आहे, असे त्यांनी म्हटले. प्रशांत महासागरातील नऊ बेटांचा हा देश समुद्रसपाटीपासून पाच मीटरही उंच नाही आणि त्याची सगळी लोकसंख्या महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या गावाएवढी, दहा-अकरा हजार आहे.

देशांतर्गत विरोधही थांबला नव्हता. माजी खासदार आणि कायद्याचे प्राध्यापक डॅनियल तुर्प यांनी न्यायालयात धाव घेतली. संसदेने कायदा करून मान्य केलेला करार सरकार संसदेला न विचारता कसा सोडू शकते, असा त्यांचा प्रश्न होता. जुलै २०१२ मध्ये तो फेटाळला गेला. करार करणे आणि सोडणे हा राजसत्तेचा परंपरागत अधिकार सरकारकडे आहे, असे न्यायालयाने म्हटले. तोपर्यंत तो कायदाही उरला नव्हता. जूनमध्ये संमत झालेल्या चारशेहून अधिक पानांच्या अर्थसंकल्पीय विधेयकात तो रद्द करण्याची तरतूद होती.

मागे राहिलेले छत्तीस

करारात शेवटपर्यंत राहिलेल्या देशांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय कॅनडाची कथा पुरी होत नाही. पहिल्या मुदतीच्या अखेरीस बंधन मान्य असलेले छत्तीस देश उरले होते. त्यांपैकी नऊ देशांचे प्रत्यक्ष उत्सर्जन त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. त्यांत स्पेन होता, ऑस्ट्रिया होता, डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि खुद्द यजमान जपानही होता. जपानचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत घटण्याऐवजी किंचित वाढलेच होते. त्यात २०११ च्या मार्चमध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची दुर्घटना ओढवली, अणुभट्ट्या बंद पडल्या आणि कोळसा व वायू अधिक जाळावा लागला. माघारीसाठी याहून सबळ सबब कोणत्या देशाकडे होती? जपाननेही दुसऱ्या मुदतीचे बंधन नाकारले, पण पहिल्या मुदतीचा हिशेब मात्र चुकता केला. जंगलांनी शोषलेला कार्बन आणि विकत घेतलेली क्रेडिट मांडून त्याने आपली वही जुळवली.

तूट भरून काढण्यासाठी सर्वच देशांना मुदत संपल्यानंतरही वेळ मिळाला होता. ती वाढीव मुदत १८ नोव्हेंबर २०१५ रोजी संपली आणि छत्तीसही देशांचे हिशेब पुरे झाले. क्रेडिट मातीमोल भावाने मिळत होती, तीच ही वर्षे. कॅनडा थांबला असता, तर तोही त्यांत असू शकला असता.

गंमत अशी, की कॅनडातील काही प्रांत तोवर स्वतःहून पुष्कळ पुढे गेले होते. ब्रिटिश कोलंबियाने २००८ मध्ये कार्बनवर कर बसवला. ऑन्टारिओने कोळशावरची वीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले आणि २०१४ मध्ये तेथील शेवटचे कोळसा वीजकेंद्र थांबले. एके काळी त्या प्रांताची चतुर्थांश वीज कोळशातून येत असे. ओटावाने अशक्य म्हणून सोडलेल्या कामाचा मोठा तुकडा टोरांटोने करून दाखवला, तोही गाड्या रस्त्यावरून न हटवता आणि घरांची ऊब न तोडता.

मे २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरीभोवतीच्या जंगलाला वणवा लागला आणि ऐंशी हजारांहून अधिक माणसांना गाव सोडावे लागले. वाळूतल्या तेलावर वाढलेले ते गाव. एका वणव्याचा संबंध एका कराराशी जोडणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि त्या कुटुंबांच्या दुःखाकडे बोट दाखवून टोमणा मारणे माणुसकीला. एवढे मात्र नोंदवायला हवे, की २०२१ च्या जूनमध्ये ब्रिटिश कोलंबियातील लिटन या गावी पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी गाव आगीत नष्ट झाले; आणि २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. त्या जूनमध्ये न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले होते, ते या धुराने.

पॅरिस करार स्वीकारला गेला तो दिवस १२ डिसेंबर २०१५. केंट यांच्या घोषणेला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. ओटावात पुन्हा सत्तांतर झाले होते आणि नव्या पंतप्रधानांनी, जस्टिन ट्रुडो यांनी, कॅनडा परत आला आहे असे पॅरिसमध्ये सांगितले. नव्या करारात कोणाच्या वाट्याला आकडा लादलेला नाही. प्रत्येक देशाने आपला आकडा आपणच ठरवायचा. तो चुकला तरी तूट पुढे ओढण्याची तरतूद नाही. बाहेर पडण्याचे कलम मात्र क्योटोतून जवळजवळ जसेच्या तसे आले आहे: तीन वर्षे थांबा, लेखी सूचना द्या, वर्षभराने मोकळे व्हा. अमेरिकेने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी, म्हणजे तीन वर्षे पूर्ण होताच, ती सूचना दिली, ४ नोव्हेंबर २०२० रोजी ती बाहेर पडली आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी परत आली. २७ जानेवारी २०२५ रोजी तिने दुसऱ्यांदा सूचना दाखल केली. पुनःप्रवेशाला तीन वर्षे होऊन गेलेली असल्यामुळे या वेळी थांबावे लागले ते फक्त एक वर्ष.

कॅनडा पॅरिस करारात आहे. २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत चाळीस ते पंचेचाळीस टक्के घट, हे त्याने स्वतःहून घेतलेले उद्दिष्ट आहे. नागरिकांच्या इंधनावरील कार्बन आकार १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकण्यात आला. २०२३ मध्ये त्या देशाचे उत्सर्जन २००५ पेक्षा थोडे कमी आणि १९९० पेक्षा अजूनही जास्त होते.